चौथं पान पोचायच्या आत

शुक्रवार, १४ मार्च
दुपार, स्टुडिओला दांडी मारून

चि. धाकटे,

आशीर्वाद. आजी झालेल्या बाईला ‘चिरंजीव’ लिहिताना हात जरा अडखळतो. पण तू जन्मलीस तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ते अंतर तुला आजतागायत भरून काढता आलेलं नाही, त्याला माझा इलाज नाही. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा, स्वयंपाकघरातला नळ बरा नाही, आणि मी या दोहोंच्या मधे कुठेतरी. नातीचे फोटो पोचले. नाक तुझ्यावर गेलंय असं वहिनीचं ठाम मत आहे. पंधरा दिवसांच्या जीवाला नाक असतं हेच मला नवीन, म्हणून मी मत राखून ठेवलं आहे.

आपण जिंकलो हे वकीलबाईंनी तुला बुधवारीच फोनवर सांगितलं असेल. तरी माझ्या हातचं वाच. लवादाने तिन्ही सभासदांच्या एकमताने सांगितलं की तुझ्या आवाजावरून केलेला तो यंत्राचा आवाज स्टुडिओने ताबडतोब बंद करायचा, त्याच्या सगळ्या प्रती पुसायच्या, आणि पुसल्याचं लेखी द्यायचं. टूथपेस्टची जाहिरात उतरली. खारुलीच्या नव्या भागांसाठी पुन्हा तुलाच बोलवायचं. भरपाईचं वकीलबाईंना विचार, आकड्यांत मी कच्चा. एकोणीस वर्षं कार्टूनमधल्या ज्या खारीच्या पिल्लाला तू आवाज दिलास, ती सात वर्षांची खार पुन्हा तुझ्या घशात राहायला आली. निकाल ऐकला आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो तो शिपायाने “काका, पाणी देऊ का?” विचारेपर्यंत उठलोच नाही. आनंदाने माणूस असा बसतो हे मी पुस्तकांत वाचलं होतं आणि कवींचा चावटपणा म्हणून सोडून दिलं होतं.

निकालाची प्रत आठ दिवसांत तुझ्या हातात पडेल. पाच पानं आहेत. चौथं पान तू वाचायच्या आत हे पत्र तुला मिळावं म्हणून आज दांडी.

मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय शेवट गाठता येत नाही. हा जुना दोष. सोसून घे.

गेल्या जूनमध्ये मखमलने (हे नाव तू ठेवलंस, आता सगळा स्टुडिओ त्याला पाठीमागे तेच म्हणतो, व्यवस्थापक हा शब्द मोडीत निघाला) मला आत बोलावलं. म्हणाला, “पंडितजी, एक काम आहे, ते तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.” एवढ्या वाक्यावर मी विकला गेलो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला तीस वर्षं कार्टूनचे संवाद दुरुस्त करायला बसवलं की तो अशा वाक्यासाठी किती भुकेलेला असतो, हे मखमलला बरोबर कळतं. काम असं, की ध्वनियंत्रांच्या चाचणीसाठी हजारेक वाक्यं हवी होती. आपल्या भाषेतला प्रत्येक वर्ण, प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक सूर, म्हणजे प्रश्न, राग, लाड, रडं, सगळं त्यांत यायला हवं होतं.

धाकटे, मी तीन आठवडे हवेत होतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असे रकाने आखून वही केली. ‘वाङ्मयाचार्यांच्या छत्रीला भोक पडलं.’ ‘ऋषींच्या कमंडलूत खेकडा शिरला नि यज्ञ थांबला.’ ‘ढोलीतल्या घुबडाला झोपेत ठसका लागला.’ अकराशे चाळीस वाक्यं झाली. वाचणार कोण, म्हणून विचारलं, तर मखमल म्हणाला, तुमच्या भगिनींसारखी स्वच्छ जीभ दुसरी कुणाची? मी तुला फोन केला. तू म्हणालीस, “दादा, तुझी वाक्यं आहेत ना? मग येते.” कागदावर ‘ध्वनिचाचणी’ लिहिलेलं होतं, तू वाचलंस, सही केलीस.

अकरा दुपारी. तू नेहमीप्रमाणे चपला काढून, ओढणी कमरेला बांधून, टाचा उचलून उभी. टाचा टेकल्या की आवाज म्हातारा होतो म्हणतेस. गालात ते शर्टाचं बटण, खारीच्या तोंडात दाणा असल्यासारखं वाटावं म्हणून. पंखा बंद. मी काचेपलीकडे वही घेऊन. खेकड्याच्या वाक्याला तू इतकी हसलीस की बटण गिळता गिळता वाचलीस, आणि ध्वनिवाला म्हणाला, “हे हसणं पण ठेवतो, चांगलं आलंय.” त्यांनी ते ठेवलंही. पुढे जाहिरातीत तेच हसणं होतं. मी ओळखलं.

ऑक्टोबरात तुझ्या विहीणबाईंनी फोन करून टूथपेस्टच्या जाहिरातीबद्दल तुझं अभिनंदन केलं, तू म्हणालीस मी कुठलीच टूथपेस्ट केलेली नाही, आणि त्या म्हणाल्या, “इश्श, आमच्यापासून काय लपवायचं!” मग नवे भाग तुझ्याशिवाय सुरू झाले. तू सरळ माझ्याकडे आलीस. दारातच, चपला न काढता, विचारलंस.

“दादा, त्या वाक्यांचं त्यांनी हे केलं. तुला ठाऊक होतं का गं काही?”

(घाबरलीस की मलाही ‘गं’ म्हणतेस, लहानपणापासून.)

मी म्हणालो, “छे! मला कोण सांगतंय?”

आणि तू विश्वास ठेवलास. नुसता ठेवला नाहीस, गावभर वाटलास. वकीलबाईंनी माझ्याबद्दल शंका घेतली तेव्हा तू त्यांना म्हणालीस, “दादाला ठाऊक असतं तर त्याने मला सांगितलंच असतं.” मी शेजारच्या खुर्चीत होतो. समोर चहा होता. तो चहा मला अजून आठवतो, कारण तो कपात तसाच राहिला आणि तू म्हणालीस, तब्येत बरी नाही का?

तर, चौथं पान.

स्टुडिओच्या वकिलाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. कागदावर काहीही असो, बाईंना तोंडी कल्पना दिलेली होती, त्यांना सगळं माहीत होतं, जाहिरात चालली तेव्हा त्या उलटल्या. तू म्हणत होतीस मला कुणी काही सांगितलं नाही. मखमल म्हणत होता, सांगितलं. दोन माणसं, दोन तोंडं, आणि मखमलचं तोंड किती मऊ ते तुला ठाऊक आहे. वकीलबाई मला बाहेर म्हणाल्या, “इथे आपण अडकणार.” तू नातीजवळ होतीस. मला कसलंही बोलावणं नव्हतं, मी नुसता ऐकायला गेलो होतो. मी वकीलबाईंना म्हटलं, मला उभं करा.

अध्यक्ष त्या निवृत्त न्यायाधीशबाई. हळू बोलतात, त्यामुळे माणूस घाबरतो.

“ही वाक्यं कशासाठी आहेत, हे तुम्हांला कधी कळलं?”

“तिसऱ्या दिवशी. यांनी सांगितलं.” मी मखमलकडे बोट दाखवलं. “म्हणाले, हिच्या आवाजाचं यंत्र करतोय. तुम्ही भाऊ आहात, तुम्हीच तिच्या कानावर घाला.”

“आणि तुम्ही बहिणीला कधी सांगितलंत?”

“अजून सांगितलेलं नाही.”

टंकलेखिका थांबली. तिने विचारलं, “‘अजून’ लिहू का?” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “ते म्हणाले तसंच लिहा.”

मखमलकडे त्या वळल्या तेव्हा त्याला कबूल करावंच लागलं, की आपण बाईंना स्वतः काही बोललो नव्हतो, भावावर सोपवलं होतं. म्हणजे तुला कुणीच सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तुझी संमती नव्हती. अर्ध्या तासात प्रकरण संपलं. तू जिंकलीस, धाकटे, आणि ज्या पुराव्यावर जिंकलीस तो पुरावा असा, की तुझा भाऊ गप्प बसला.

आता तू विचारशील, का? हाच प्रश्न मी पहिल्या पानापासून टाळतो आहे, आणि नळाबद्दल लिहितो आहे.

तिसऱ्या दिवशी पाऊण वही वाचायची राहिली होती. तू थांबली असतीस तर माझी उरलेली वाक्यं कुणी वाचली नसती. हे खरं आहे, आणि हे कारण मी इतके महिने स्वतःला सांगत आलो, कारण त्यात मी जरा मूर्ख, जरा पंडित, एकूण क्षम्य दिसतो. पण ते पुरतं खरं नाही. मखमल त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलला होता. म्हणाला, “संवादांचंही यंत्र येतंय, पंडितजी. पण तुम्ही आपले. तुमची खुर्ची मी राखीन.” निवृत्तीला माझी चार वर्षं राहिली आहेत. मी मान हलवली. धाकटे, मी माझी खुर्ची राखली आणि तुझा आवाज दिला. मूर्खपणा नव्हता तो. भीती होती. आणि ऑक्टोबरात दारात तुला जे सांगितलं, ती भीतीच होती, फक्त आता मखमलची नव्हे, तुझी.

खुर्ची त्याने राखली, बरं का. बुधवारनंतर ती पाण्याच्या टाकीशेजारी राखली आहे. नवीन यंत्राचे संवाद तपासायला देतात. काल त्यात खारुली आपल्या आईला म्हणते, “कृपया माझे अक्रोड परत करण्यात यावेत.” खार आहे की सहायक निबंधक, मला कळेना. मी ते कापून ‘आई, दे ना गं!’ केलं आणि मला फार बरं वाटलं.

मला एकूणच फार बरं वाटतं आहे, हे लपवत नाही. तू रागावशील, कदाचित बोलणार नाहीस, तरीही. पाच महिने तू माझ्याशी प्रेमाने बोललीस की मी नळाचा विषय काढायचो. तू ज्या दादाशी बोलत होतीस तो मी नव्हतो. बुधवारी संध्याकाळी घरी येऊन तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? तिला लिही.” आणि नळाखाली बादली ठेवायला गेली.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागते, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मला त्याचा आणखी एकदा फायदा घ्यायचा नाही.

सांगायचं होतं ते जूनमध्ये सांगायचं होतं. मार्चमध्ये सांगतो आहे.

दादा


रविवार, २३ मार्च

धाकटे,

काल फोन झाला तरी हे लिहितो आहे, कारण फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ याखेरीज काही बोललो नाही. तीस वर्षं इतरांचे संवाद लिहून स्वतःवर वेळ आली तेव्हा दोन अक्षरं.

आठ दिवस तुझा फोन नाही. या घरात फोन वाजला की मी उठायचो आणि तुझी वहिनी म्हणायची, “बस, गॅसवाला आहे.” दर वेळी गॅसवाला कसा असेल, पण मी बसायचो. मग काल तू केलास तो तिला. पाऊण तास दोघी बोललात. नातीची अंघोळ, नातीची झोप, नातीचं नाक. मी समोर वर्तमानपत्र धरून बसलो होतो, त्याची बाजू बरोबर होती की उलटी, सांगता येणार नाही. मग वहिनीने फोन पुढे केला. “तुला दे म्हणतेय.”

तू म्हणालीस, “वकीलबाईंनी बुधवारीच मला सगळं सांगितलं होतं. चौथ्या पानासकट.”

“हं.”

“मी बघत होते, तू लिहितोस का कागदाची वाट बघतोस.”

“बरं.”

“चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. कागद पाचव्या दिवशी. एका दिवसाने वाचलास, दादा.”

मग मागे नात कुरकुरली, तिला तू थोपटलंस. तू म्हणालीस, “मी रागावले आहे. खूप. अजून बरेच दिवस रागावणार आहे, मधेच विसरले तरी पुन्हा आठवून रागावणार आहे. खुर्चीचं वाक्य वाचल्यावर मी पत्र फाडणार होते, पण पाठीमागच्या बाजूला अक्रोड होते, मग हसू आलं आणि राहिलं.”

“हं.”

“पुढच्या महिन्यात मी रेकॉर्डिंगला येतेय. संवाद तू लिही. टाकीशेजारी बसून लिही, नाहीतर घरी बसून लिही, पण तू लिही. आणि काचेपलीकडे तूच बस. मला डोळ्यांसमोर पाहिजेस.”

मी ‘बरं’ म्हणालो. एवढंच म्हणता आलं, कारण घसा आपल्या घराण्यात तुझ्याच वाट्याला आला आहे.

फोन ठेवून जेवायला बसलो. वहिनीने एकदा वाढलं, मी दुसऱ्यांदा मागितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाढलं. मग आडवा झालो तो संध्याकाळी पाचला जागा झालो, गालावर उशीचे वळ घेऊन.

पहिल्या भागाचे संवाद सोबत पाठवले आहेत. खारुली त्यात कुणावर तरी रागावली आहे. तिला रागावण्यासाठी पूर्ण दीड पान दिलं आहे आणि समोरच्याला उत्तराचं एकही वाक्य दिलेलं नाही. कमी पडलं तर कळव, आणखी लिहितो.

तू ज्याच्यावर रागावली आहेस तो, आणि त्याबद्दल तुझा ऋणी,
दादा