वरवंट्याला घातलेलं टोपडं

अण्णा, सगळ्यात आधी आल्या त्या म्हाताऱ्या बाई. त्यांचा मुलगा अजून गाडी लावत होता आणि ह्या गवतावरून तरातरा चालत थेट मागच्या दाराशी, स्वयंपाकघरात! पुढचं दार, घंटा, पायपुसणं, सगळं सोडून. मी मनात म्हटलं, ही आपल्यातली आहे. कमरेला निळंभोर कापड गुंडाळलेलं, डोक्याला त्यातलंच फडकं, आणि कमरेपाशी काहीतरी खोचलेलं. आमच्या लेकाच्या प्रयोगशाळेत नायजेरियाचा एक गृहस्थ आहे, त्याची ही आई. तीन महिन्यांसाठी आली आहे. मीही अमेरिकेत सहा महिन्यांसाठीच आले होते, त्याला चार वर्षं झाली. कोणी विचारलं की मी नातीचं नाव सांगते, तिला सोडवत नाही म्हणून. आठ वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, हसली की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. "आजी, तू मला खूप आवडतोस," म्हणते. मी सुधारत नाही. आवडतोस तर आवडतोस. तिच्याबद्दल लिहायला बसले तर ही पिवळी वही पुरायची नाही.

तर हे झालं शनिवारचं. आज गुरुवार. तेव्हापासून लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. गोळी घेतलीस का, हीटर वाढवू का. अडतीस वर्षांचा झाला तरी त्याला ठाऊक नव्हतं की माझ्या पोटी तो एकटा आला नव्हता, बरोबर एक बहीण होती. ते त्याला शनिवारी कळलं, तेही माझ्या तोंडून नाही. मग त्यानं एकच विचारलं, तिचं नाव काय होतं. ते मला अजून सांगता आलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि मेल्यावर माणूस कुठेही नसतो असं तुमचंच म्हणणं. हे पाहून तुम्ही मला वेडी ठरवाल. ठरवा.

लिहिता येतं तेही तुमच्यामुळेच. आई गेली आणि माझी शाळा तिसरीत सुटली. पण दुपारी डबा घेऊन मी छापखान्यात यायची आणि तुम्ही मला खिळ्यांच्या खणांपुढे स्टुलावर उभी करायचात. शिशाचे ते खिळे, त्यांच्यावर सगळी अक्षरं उलटी. मला आधी उलटं वाचता आलं, मग सुलटं. शाईचा आणि रॉकेलचा वास येतोय, तुम्ही कुणाचीतरी लग्नपत्रिका जुळवताय, वर श्रीगणेशाय नमः लावताय आणि मला म्हणताय, "हेच खिळे सगळ्यात झिजलेत बघ. एवढं वापरतात, पण पावत काही नाही." खंडेनवमीला मालकांनी यंत्रापुढे फोडायला नारळ दिला, तर तुम्ही तो घरी आणून मला वड्या करायला लावल्यात. यंत्र मात्र तुम्हीच पुसलंत, कोपरान् कोपरा. माझ्या लग्नात मुहूर्त पाहिला नाहीत, हुंडा दिला नाहीत, गाव हसलं. मला तुमचा अभिमान होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे रागाचं येणार आहे.

लेक तुमच्यावरच गेलाय. इथं नवीन माणूस दिसला की लोक विचारतात, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? प्रयोगशाळेच्या जेवणात एका बाईनं लेकाला आणि त्या नायजेरियाच्या मुलाला एकदमच विचारलं, आणि दोघं एकदमच म्हणाले, कुठल्याच नाही. तिथून गट्टी जमली. आता सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर बसून देव नाही ह्या विषयावर बिअर पितात. तुम्ही असतात तर तिसरे असतात, बिअरशिवाय. त्या लोकांना योरुबा म्हणतात, भाषेलाही तेच. देव पुष्कळ, आपल्यासारखेच. विजेचा, नदीचा, एक तर लोखंडाचा. तो मुलगा म्हणाला (लेक मला मराठीत करून सांगतो), "आई आधी माझ्या गाडीला नमस्कार करते, मगच बसते." आमचा म्हणाला, "तू ड्राइव्ह करतोस ते पाहिलंय मी. मीही करेन." दोघं खो खो हसले. मीही काही देवभक्त झालेले नाही, अण्णा. इथल्या मराठी बायका सत्यनारायणाला बोलावतात, मी जाते ती शिऱ्यासाठी.

स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. सून हॉस्पिटलात ड्यूटीवर. बाई तिकडे बाजारात कापड विकायच्या, त्यामुळे त्यांना बाजारापुरतं इंग्रजी येतं. मला तेवढंही नाही. मध्ये नात, इकडचं तिकडे सांगायला. बाईंनी कमरेचं सोडून टेबलावर ठेवलं. वीतभर लाकडी बाहुली. उभी, डोकं मोठं, केस निळे, अंगाला लाल भुकटी चोळलेली, आणि नाकडोळे हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले. मला वाटलं, नातीसाठी भेट आणली. मी "थँक्यू थँक्यू" करत उचलली आणि दिली तिच्या हातात. ती पळाली आपल्या खोलीत. तिच्याकडे गुबऱ्या गालांची एक कापडी बाहुली आहे, हल्ली सगळ्या पोरींना तीच हवी असते, दुकानात आया भांडतात तिच्यासाठी. त्या बाहुलीबरोबर दत्तकाचा दाखला मिळतो, सहीशिक्क्यासकट! तिच्याशेजारी हिनं ही लाकडी बाहुली निजवली. बाई ओरडल्या नाहीत, उठल्याही नाहीत. हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. मलाच कसंतरी झालं. मी नातीला हाक मारली, बाहुली परत आणायला लावली.

बाईंचं ऐकून घेऊन ती मला म्हणाली, "आजी, हे टॉय नाहीये. हे बेबी आहे. तिला ट्विन्स झाले, आणि एक बेबी मेला. हा तो आहे. दुसरा म्हणजे ते अंकल, बाहेर बसलेत ते."

त्यांच्यात म्हणे ताडाच्या बिया टाकून कौल लावणारा असतो, त्यानं सांगितलं मूर्ती कोरून घे. तेव्हापासून त्या तिला न्हाऊ घालतात, तेल लावतात. मी चवळीची उसळ केली होती. ती पाहून बाईंचा चेहरा फुलला, त्यांच्याकडे चवळी हे जुळ्यांचंच खाणं. मी वाटीत दिली. त्यांनी एक दाणा चिमटीत कुस्करला, त्या लाकडी ओठांना लावला, जरा थांबल्या आणि हनुवटी धरून कापडाच्या टोकानं तोंड पुसलं. नात खुदकन हसली. मला हसू आलं नाही. माझी छाती ठणकायला लागली, अण्णा, ह्या वयात, तेव्हासारखी.

तेव्हाचं तुम्ही पाहिलंत, पण माझ्या बाजूनं कुणी विचारलं नाही. जुळी आठ महिन्यांची होती. पोरीला ताप भरला. सासूबाईंनी देवऋषी बोलावला, तीन दिवस अंगारा आणि लिंबं. दवाखाना अडीच कोसांवर. तुमचं कार्ड आलं, "आधी डॉक्टर", खाली दोन रेघा मारलेल्या. ते आलं तेव्हा तिला पुरून दोन दिवस झाले होते. दूध दोघांचं यायचं आणि पिणारा एकच. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात ना, कुंची घालून, बाळाचा सोबती म्हणून? तो वरवंटा मी पाट्यावरून उचलला, धुतला, तिचं अंगडं-टोपडं त्याला चढवलं आणि पाळण्यात तिच्या जागी ठेवला. पाजायच्या वेळी आधी त्याला छातीशी धरायची, मग लेकाला. दगड आहे हे मला कळत होतं. तेवढं मला कळत होतं.

तुम्ही दारातून आत येताय, वहाणा धुळीनं भरलेल्या. तुम्ही पाळण्यात पाहता. टोपड्याचे बंद सोडता, अंगडं काढता, दोन्हीची घडी घालता, आणि वरवंटा नेऊन पाट्यावर ठेवता. मग म्हणता, "दगडाच्या देवांनीच मारली तिला. आता दगडालाच दूध पाजतेस?" सासूबाईंना ऐकवायचं होतं, ते मला ऐकवलंत. आणि निघताना म्हणालात, "आहे त्याला वाढव. तिचं पुन्हा काढायचं नाही." संध्याकाळी सासूबाईंनी त्याच वरवंट्यानं चटणी वाटली. मी ती भाकरीबरोबर खाल्ली. आणि तुमचं ऐकलं. ह्यांनीही ऐकलं, अगदी जाईपर्यंत.

तर शनिवारी मी नातीला म्हटलं, "विचार त्यांना, तो खरंच आत आहे का?" बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. नात सांगायला लागली, "ती म्हणते, ते वूडच आहे. तिच्या मिस्टरांच्या भावानं केलं, ती समोरच बसली होती. पण आजी, तिच्या हातांना ना, टू बेबीजची सवय होती."

तेवढ्यात तो मुलगा बर्फ न्यायला आत आला. नातीनं त्यालाच पकडलं, "अंकल, डू यू बिलीव्ह इन धिस?" तो म्हणाला, छे, कशावरच नाही; नातीनंच मला सांगितलं. आणि बोलता बोलता त्यानं उसळीची वाटी पुढे ओढली, आधी बाहुलीपुढे सरकवली, क्षणभर थांबला, मग स्वतः घास घेतला. त्याचं त्याला कळलंही नाही. त्याच्या आईनं पाहिलं. मी पाहिलं. तो बर्फ घेऊन बाहेर गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही दोन होते."

"टू व्हॉट, आजी?"

"बाळं. तुझा बाबा, आणि एक मुलगी."

तिनं डोळे एवढे मोठे केले, आणि बाईंना सांगायला म्हणून, शाळेत कविता म्हणतात त्या आवाजात ओरडली, "माय डॅड हॅड अ सिस्टर!" बाहेरचं बोलणं थांबलं. लेक दारात आला.

"आई, काय सांगतेयस तिला?"

"खरं तेच सांगतेय."

"आई, कोणाची सिस्टर?"

मी ओट्याला धरून उभी. मग सांगितलं, थोडंसंच. जुळी होती, ताप, आठ महिने. बाईंनी नातीकरवी विचारलं, आधी कोण जन्मलं? मी म्हटलं, ती. मग बाई माझ्या लेकाकडे वळल्या, आणि त्याला म्हणाल्या (हे नातीनं मला नंतर सांगितलं) मग तू थोरला. आमच्यात मागून येतो तो थोरला. तो धाकट्याला पुढे पाठवतो, जा, जग बरं आहे का बघ. ती गेली, बरं आहे म्हणून ओरडली, तेव्हा तू आलास. माझ्या लेकाकडे एरवी कुठल्याही देवाला उत्तर असतं. त्यानं हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, "नाव काय होतं तिचं?" मी तोंड उघडलं आणि काही येईना. पाहुणे गेल्यावर तो सकाळीच कापलेलं गवत पुन्हा कापत बसला.

त्याला वाटतंय मी विसरले. कुठली आई विसरते? पण सांगायला तोंड उघडलं की मला तुमची पाठ दिसते. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी आले होते. तुम्ही बाजेवर, बोटं थरथरणारी, खिळा धरता येत नव्हता. मी पेज भरवत होते आणि तुम्ही एकदम विचारलंत, "त्या पोरीचं नाव काय ठेवलं होतंस गं? सगळे चिमी चिमी म्हणायचे. खरं नाव काय?" बारशाला भटजी येणार म्हणून तुम्ही आलाच नव्हतात, कसं ठाऊक असणार? मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, "आठवत नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. आठ दिवसांनी गेलात. ते आठ दिवस मी तिथेच होते, रोज पेज भरवत होते, आणि सांगितलं नाही.

आठवत होतं, अण्णा. तुम्ही वरवंटा काढून घेतलात, मी नाव काढून घेतलं. तिचं नाव आईचंच ठेवलं होतं. पाळण्यात तिला तुमच्या बायकोच्या नावानं हाक मारली होती मी, आणि तुमच्या कानावर ते एकदाही पडू दिलं नाही.

आता हे तुम्हाला सांगून झालं, म्हणजे त्याला सांगता येईल असं वाटतं. वही दाखवणार नाही, तोंडानंच सांगेन. मात्र त्या बाई आणि त्यांचा मुलगा परत यायच्या आत सांगायला हवं. रविवारी येतो म्हणालेत, साडेअकराला.