धाकटीचं लाल कार्ड

३ मार्च

नाक फुटलं. सदऱ्यावर रक्तच रक्त! मारलं धाकटीने — माझ्या छत्तीस वर्षांच्या लेकीने.

संग्रहालयात वाट दाखवणारं यंत्र घडवायला तिच्यासारखे सहाजण घेतलेत. कुणी स्वमग्न, कुणाला शिकायला वेळ लागतो. यंत्राने कसं चालावं, किती जवळ यावं, ते हेच ठरवतात. तिला तिथे ‘तुमचं मत?’ असं विचारतात! प्रत्येकाच्या गळ्यात लाल कार्ड. ते वर केलं की यंत्राने जागीच थांबायचं — हा नियम धाकटीचाच.

आज यंत्राला माझा आवाज दिला. इंजिनिअर बाई म्हणाल्या, “काका, तुमच्यासारखी कविता कोण म्हणणार?” हुरळलो. पहिलीच ओळ, आणि धाकटीचं कार्ड वर! यंत्र थांबलं. मी नाही. तिचा हात खाली ओढला — “अगं, बाबांचा आवाज आहे, ऐक तरी!” तिने लोखंडी खुर्ची उचलली. आधी यंत्राचं डोकं, मग काचेचं कपाट, मग मी.

गटातले घड्याळवाले (सारखं वेळ सांगतात म्हणून हे नाव) म्हणाले, “अकरा वाजून सात. यंत्राला तोंड आहे, कान नाहीत. इथल्या साहेबांसारखं.”

४ मार्च

संग्रहालयाच्या साहेबांचा फोन. “मास्तर, आणखी एकदा असं झालं तर तिला आणू नका.”

ती भिंतीवर डोकं आपटतेय. मध्ये उशी धरली, तर माझ्या मनगटाला कडकडून चावली.

५ मार्च

जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसलो. तो वास! माझ्या वर्गातली चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, खिडकीतल्या चिमण्या उडायच्या. धाकटी आठव्या वर्षी धड बोलत नव्हती, पण कविता? घडाघडा! पाहुणे तोंडात बोटं घालायचे. काय दिवस होते ते!

बाईंना कळवलं — आवाज तोच ठेवा, सवय होईल.

१० मार्च

धाकटीच्या कपाळाला सात टाके.

आज तिने कार्ड वर केलंच नाही. यंत्र माझ्या आवाजात म्हणू लागलं. तिने डोळे मिटले, दोन्ही तळहात पुढे केले. हात पुढे केला की यंत्राने जवळ यायचं, असं ठरलंय. ते आलं — कविता म्हणत. तिने त्याच्या पडद्यावर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, काच फुटेपर्यंत. चौघांनी धरलं तेव्हा थांबली.

घड्याळवाले माझ्याजवळ आले. “मास्तर, ती पट्टी खायला उभी होती. मीही असाच उभा राहायचो. तिला कोण मारायचं?”

“कुणी नाही हो.”

साहेब म्हणाले, उद्यापासून ती नको.

११ मार्च

साहेबांना चिठ्ठी दिली. तिला ठेवा, माझा आवाज काढा. चुकलेल्या ओळीला दोन पट्ट्या — मीच मारायचो.