वाळूवरची साय

४ मे
पनवेलला आले, एकदाची! जवळच्या कोन गावात खोली मिळाली, तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी. काम छान आहे. जैसलमेरहून आणलेल्या वाळवंटी मातीचे चाळीस ट्रे सांभाळायचे. वाळूवर काळसर पापुद्रा असतो, वाळलेल्या सायीसारखा. त्यातले सूक्ष्मजीव वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. पाणी लागलं की काही मिनिटांत हिरवे होतात आणि हवेतला नायट्रोजन ओढून त्याचं खत करतात. दुसरे जीव तोच पुन्हा हवेत सोडतात. आमच्या प्रमुख अंकिता मॅडम म्हणाल्या, रोज शिंपड आणि नोंदी ठेव. हातमोज्यांत हात घामेजतात म्हणून ते काढूनच शिंपडते.

९ मे
उकाड्याने जीव नकोसा झालाय. बसल्या जागी डोळा लागतो. नोंदींनुसार ट्रेंमधल्या जिवांनी हवेतला नायट्रोजन घेणं थांबवलंय, तरी पापुद्रा जाडच होतोय. मॅडम म्हणाल्या, आयता मिळाला की हे जीव हवेतून ओढायचे कष्ट घेत नाहीत. पण आयता कुठून? मी तर नुसतं पाणी घालते.

१३ मे
वजन चार किलोंनी उतरलं. जिना चढताना तीनदा टेकले. सफाईच्या भामामावशी बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या आधी या कामावर होता तो कमलाकर पण असाच सुकला. आमी बोललो, काम सोड. ऐकला नाय."

१५ मे
आपटा गावी कमलाकरकडे जाऊन आले. त्याच्या बायकोने, रंभाने, दार उघडलं. तो कोपऱ्यात उघडाच बसलेला, अंगाचं चिपाड झालेलं. पाठभर तोच काळसर पापुद्रा. रंभा म्हणाली, पाणी अंगाला लागू देत नाय, पीत पण नाय. माझ्यासमोर त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. उतरला तिथे पाठ हिरवी होत गेली. तो कळवळलाही नाही. एवढंच बोलला, "ताई, खरवडू नका. खाली काय नाय उरत."

१६ मे
माझ्या डाव्या मनगटावर. नखाएवढा पापुद्रा. आयता नायट्रोजन कुठून मिळत होता, ते आता कळलं. नोकरी सोडते म्हणून मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, किती पसरलंय, मोजलंस का? त्यांचाही आवाज फार थकलेला—

१८ मे
कोपरापर्यंत. दिवसभर पंख्याखाली. सुकं राहायचं. पाणी घोटभरच. झोप, सारखी झोप—

१९ मे
आई आली. न कळवता. लांब राहा म्हटलं तर रडायलाच लागली. डावा हात धरून बसलीय, घट्ट. ओढून घ्यायला बळ नाही. तिचे अश्रू टपटप हातावर— हिरवं— आता तिच्याही बोटां—