प्लेटवाली आणि झोळीवाली

बोरी, ता. जिंतूर
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्रीस, साधनाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भांडते, म्हणून पत्र. डावा हात गळ्यातल्या झोळीत आहे, पण उजवा आणि जीभ शाबूत आहेत.

पंचमीला माहेरी, राणीसावरगावला, आपण दोघींनी एकच झोका चढवला. चाळिशी उलटलेल्या बायकांनी समोरासमोर उभं राहू नये म्हणून मुंजाजी ओरडत होता. पण धाकट्या भावाचं कोण ऐकतं? दोर तुटला, दोघींचंही गळ्याखालचं हाड मोडलं. इथवर सगळं सारखं. मग तुझ्या परमेश्वररावांनी तुला परभणीला नेलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली, आणि मला मात्र झोळी! हाड हाय, जुळतंय आपोआप, असं यांचं म्हणणं. म्हणजे तुझं हाड सोन्याचं आणि माझं कडब्याचं?

तू भाकरी थापायला लागलीस म्हणे. मला वेणीसुद्धा घालता येत नाही. हे घालतात. भांग वाकडा, शेपटा त्याहून वाकडा; गल्ली हसते. खरं सांगते, तुझा मला लय हेवा वाटतो. आयुष्यभर वाटत आला, आता हाडापर्यंत गेला.

दुखत असेल तर कळव. राग असला तरी काळजी आहेच.

तुझी
अक्का

मानवत
२९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्कास, राजेश्रीचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, दोनदा चिडले. दाजींना बोल लावू नकोस. माझ्या हाडाचे तुकडे एकावर एक चढले होते, तुझे जागेवर होते. प्लेटनं हाड जुळायची खात्री वाढते, हात लवकर चालतो. पण वर्षभरानं दोघींचे हात बहुधा सारखेच होतील, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या वाट्याला वर चार बोटं व्रण. ब्लाउज घासला की प्लेट टोचते. कदाचित पुन्हा चिरून काढावी लागेल.

यांनी माझा एक्स-रे दुकानात टांगलाय, येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवतात. पण रात्री झोप लागते का, एवढं एकदाही विचारलं नाही. भाकरी थापते, पण हात डोक्यामागं जात नाही. शेजारच्या सुमनबाई वेणी घालतात. त्या गावाला गेल्या की मी दोन दिवस तशीच. तू वाकड्या भांगाचं गाऱ्हाणं करतेस आणि मी इथं जळते. अक्का, हेवा कोणी कोणाचा करायचा?

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागव, पण लिहीत जा.

तुझी
राजेश्री

बोरी
२५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राजेश्रीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. तरी खोटं कशाला बोलू, तू माझा हेवा करतेस हे वाचून बरंही वाटलं.

काल जिंतूरच्या दवाखान्यात एकटीच गेले. हाड जुळलंय, झोळी निघाली. हात थेट डोक्यामागं जातो. घरी आले तर हे फणी घेऊन ओट्यावर बसलेले. हात अजून वर जात नाही, एवढंच मी सांगितलं आणि यांच्या पुढ्यात बसले. भांग आता जवळजवळ सरळ येतो.

दिवाळीला माहेरी ये. तुझी वेणी मी घालीन, दोन्ही हातांनी. फक्त तेव्हा हे आसपास नसावेत.

लोभ आहेच, तोंड तेवढं बंद ठेव.

तुझी
अक्का