बडाखाना

नोएडा, ४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस सुरुचीचा शि. सा. न.

फोनवर लग्नाचं काढलं की तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. निहारच्या घरी जाऊन आले. त्याचे बाबा कर्नल होते, पण बोलतात अगदी तुमच्यासारखं! स्वयंपाकघर म्हणजे लंगर, माझी लॅपटॉपची बॅग म्हणजे पिट्ठू, आणि निहार उशिरा उठला की त्याला रगड्याची धमकी. हे शब्द आले कुठून, ते सांगा. आणि लग्नाला येणार की नाही, तेही एकदा सांगून टाका.

तुमचीच,
सुरुची

चंदगड, १२ नोव्हेंबर

चि. सुरुचीस अ. आ.

पत्र पावलं. लंगर शीख पलटणींकडून फौजभर पसरला, असं आमचे उस्ताद सांगत. पिट्ठू पाठीवर बसतो म्हणून पिट्ठू. रगडा म्हणजे शिक्षा. कोपरं मातीत रगडत सरपटायचं. खाल्ल्याशिवाय चव कळत नाही.

आता लग्नाचं. तुझे सासरे कर्नल, मी हवालदार. साहेब दिसला की अजून पाय आपोआप जुळतात गं. त्यांच्या शेजारी बसून घास उतरणार नाही. कन्यादानाला मामा आहे. फारच हट्ट असेल तर येतो, पण मुलीचा बाप म्हणून वाढायला उभा राहीन. बसायला सांगू नकोस.

थंडी वाढली असेल, कानटोपी घाल.

बाबा

नोएडा, २० नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न.

रागावू नका, तुमचं पत्र मी निहारच्या बाबांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, आपण बडाखानाच करू. मला शब्द नवा. वर्षातून एखाद्या दिवशी साहेब आणि जवान एकत्र जेवतात आणि साहेब वाढतात, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा वाढणार ते, बसणार तुम्ही. त्यांच्या पहिल्या बडाखान्यात एका हवालदाराच्या मांडीवर डाळ सांडली होती. आता हात सुधारलाय, असा निरोप आहे.

तुम्हाला उभं ठेवून मी बोहल्यावर चढणार नाही, हा माझा निरोप.

सुरुची

चंदगड, २८ नोव्हेंबर

चि. सुरुचीस अ. आ.

तिकीट काढलं. दिल्लीत निझामुद्दीन स्टेशनला उतरेन, निहारला पाठव, साहेबांना नको.

एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसेल. बडाखाना संपला की दुसऱ्या सकाळी पुन्हा सलाम सुरू होतो. म्हणून माझी अट कळव. पंगतीत मी बसतो, त्यांनी वाढावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला येईन. तेव्हाही त्यांनी खुर्ची पुढे केली, तरच हा बडाखाना खरा मानीन.

नवी पँट शिवलीय. डाळ जपून वाढा म्हणावं.

लोभ आहेच, तो आता दोन्ही घरांत वाटून घे.

बाबा