तीन हाका

दिघोरी,
ता. ९ नोव्हेंबर १९८३

चि. टेकचंद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

भिलाईहून तुझं कार्ड पोचलं. दिवाळीला सुटी मिळाली नाही म्हणतोस. तुझ्यावाचून कारखान्याची भट्टी विझते की काय! कानोले केले होते, ते शेवटी शाळेतल्या पोरांनी फस्त केले. गावात परवा मंडईची जत्रा भरली. मी गेले नाही.

बाबांचं विचारलंस. जेवण चांगलं आहे. नागपूरच्या डॉक्टरने कागदावर अल्झायमर असं लिहून दिलं आणि तोंडी एवढंच सांगितलं, की जे गेलं ते परत यायचं नाही. मला आता ते मास्तरीणबाई म्हणतात. तुझी मात्र रोज चौकशी होते. पण ती सात वर्षांच्या टेकचंदची, तेव्हा फुगू नकोस.

चाळीस वर्षं या माणसाने गावच्या तळ्याचं पाणी वाटलं. कोणाच्या धानाच्या बांधीला किती वेळ पाणी, हे चिटोरा न पाहता सांगायचे. अंगात ताप असताना कमरेइतक्या पाण्यात उतरायचे, आणि आई म्हणायची, "हे तळं माही सवत होय." आठवतं ना? तेच बाबा आता चपला हातात घेऊन उभे राहतात. चपलांचं काय करायचं ते त्यांना सुचत नाही.

खुशालभाऊचं मी तुला कार्डात कळवलं होतं. बाबांच्या हाताखाली तयार झालेला, त्यांच्यानंतर गावचा पाणकर तोच. तळ्याचं पाणी अडवणारं तुडुमाचं लाकूड निसटलं आणि बांधाच्या पाळीखालच्या मोरीत गाळ काढत असलेला खुशालभाऊ पाण्यात सापडून गेला, एवढंच लिहिलं होतं. लाकूड कुजलं होतं असं पंच म्हणाले, आणि गावानेही तेच धरलं.

त्याची बायको धुरपता वहिनी आता रोज दुपारी आपल्याकडे येते, बाबांना भरवते. स्वतःचं कपाळ फुटलेलं असताना दुसऱ्याच्या म्हाताऱ्याचं करते, बाई असावी तर अशी, असं सगळे म्हणतात. पहिले आठ दिवस मीही म्हणत होते.

टेकचंद, लाकूड कुजलं नव्हतं. सागाचं होतं, खुशालभाऊने याच उन्हाळ्यात नवं घडवून बसवलेलं. ते बाबांनी ओढलं.

त्या दिवशी मधल्या सुटीत घरी आले तर बाबा ओसरीवर चिंब ओले बसलेले, लाकूड मांडीवर. चेहरा इतका समाधानी, की मला आधी आनंदच झाला. "पानी सोडलं बाई. आता साऱ्याइले भेटन," म्हणाले. तेवढ्यात पाळीकडून ओरडा ऐकू आला. मी काय केलं असेल? त्यांचं धोतर बदललं आणि लाकूड न्हाणीच्या चुलीत कोंबलं. ओलं लाकूड, दोन दिवस धुमसत होतं. तिसऱ्या दिवशी राख उकिरड्यावर टाकून मी खुशालभाऊच्या घरी बसायला गेले.

लाकूड ओढण्याआधी मोरीच्या तोंडाशी तीन हाका द्यायच्या, हा बाबांचाच दंडक. आत कोणी असेल तर बाहेर येईल. खुशालभाऊ त्याच भरवशावर आत शिरायचा. लाकूड कसं ओढायचं ते बाबांच्या हातांना आठवलं, हाका मात्र विसरल्या.

आता राहिलेलं लिहिते. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

बाबा रोज पहाटेपासून एकच विचारायचे, "आज पान्याची बारी कोनाची?" "आज कोणाची बारी नाही, बाबा," म्हटलं की मुकाट्याने बसायचे. त्या एका वाक्यावर मी त्यांना दोन वर्षं सांभाळलं. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, साहेब यायचे होते. बाबांनी दहा वेळा विचारलं, माझी साडी धरली. मी वैतागून म्हटलं, "हो, आज आपलीच बारी आहे. जा!" वाटलं, पाळीपर्यंत जातील, खुशालभाऊ नेहमीसारखा हात धरून आणून सोडेल. तळं काठोकाठ भरलंय हे ठाऊक नव्हतं असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू? सकाळी तिथूनच पाणी भरून आणलं होतं मी.

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. धुरपता वहिनी बाबांना भरवत होती. एक घास, एक प्रश्न.

"मंग पाळीवर जाऊन काय केलं जी, काकाजी?"

"लाकूड ओढलं."

"हाक देली का जी?"

बाबा चावायचे थांबले. वहिनीने त्यांची हनुवटी पुसली आणि पुढचा घास दिला. रडली नाही. तेव्हा मला कळलं, ती भरवायला येत नाही, ऐकायला येते. रोज थोडं थोडं.

आज शाळेला सुटी. मी समोरच तांदूळ निवडत होते. तिने विचारलं, "तुमाले तं ताई घराभाईर निंगू देत नाही. त्या दिवशी कोनं धाडलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं, टेकचंद. "चंद्रकांतेले इचार. माही पोरगी खोटं नाही बोले."

वहिनी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, डाक निघायच्या आत एक पत्र लिहायचंय. "लिवून घ्या," ती म्हणाली. "मी बसून आहो."

हे तुला चार दिवसांनी मिळेल. तोवर गावभर झालेलं असेल. स्टँडवर उतरलास की लोक बाबांचं नाव घेतील. त्यांना सांग, म्हाताऱ्याला बोल लावू नका, ताईने पाठवलं होतं. चाळीस वर्षांत बाबांनी हाक दिल्याशिवाय एकदाही पाणी सोडलं नव्हतं, हेही सांग.

ती अजून ओसरीवर आहे. बाबा झोपलेत. मला आता लिहायला काही उरलं नाही, म्हणून उठते.

तुझी ताई,
चंद्रकांता