तळ्याच्या वाटेवर मला बसवावे

दिनांक १९ मार्च १९८५, मंगळवार. मौजे आलगुंडी, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद.

आज सकाळी ज्वारी निवडली, दळण टाकून आले. दुपारी ऊन फार होते. पाडवा तीन दिवसांवर आहे, पण यंदा आमच्या दारात गुढी नाही, त्यामुळे काठी धुवायची नाही की कडुलिंब आणायचा नाही. हात रिकामे होते. कागद घेऊन बसले.

मी शिवगंगा, वय अंदाजे बासष्ट, शिक्षण अक्कलकोटास सातवीपर्यंत, धंदा शेती व घरकाम, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या मुलाचे म्हणणे निराळे पडेल. तसे पडल्यास त्याला विचारावे की, डोके ठिकाणावर नसलेल्या बाईच्या सह्या त्याने आपल्या संस्थेच्या कागदांवर इतकी वर्षे कशा घेतल्या. मला कोणी शिकवलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. मजकूर माझा, अक्षर माझे.

नवऱ्याचे नाव लिहिताना एक अडचण आहे, ती आधी सांगते. कै. वीरप्पा कलशेट्टी यांच्याशी मी जन्मभर संसार केला. ते गेल्या माघात वारले. परंतु कागदावर मी त्यांची पत्नी नव्हते. सीलिंगचा कायदा कडक झाला तेव्हा ज्याची जमीन जास्त त्याची सरकारजमा होणार होती. आमचा एकुलता मुलगा शांतलिंग नुकताच तालुक्याला ये-जा करू लागला होता. त्याने तोड काढली. नवरा-बायकोची फारकत दाखवायची आणि थोडी जमीन बायकोच्या नावे करायची, म्हणजे कागदावर दोन कुटुंबे होतात. या भागात पुष्कळांनी तसे केले. शांतलिंग म्हणाला, "अव्वा, फकस्त कागदावर. चूल एकच हाय की." आम्ही सह्या केल्या. त्या संध्याकाळी जेवताना वीरप्पा म्हणाले, "परक्या बाईच्या हातची भाकर लई गोड लागती बघ." आम्ही दोघेही हसलो.

त्या फारकतीने माझ्या एकटीच्या नावावर जी मिळकत आली, तिची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे करते.

कलम पहिले. तळ्याच्या वाटेवरची पट्टी. हिची चतुःसीमा: पूर्वेस मुरुमला जाणारा डांबरी रस्ता, पश्चिमेस तळ्याकाठचे मोकळे रान, उत्तरेस खोल ओढा, दक्षिणेस खडकाचा कडा. म्हणजे रस्त्यावरून तळ्याकडे जायचे तर याच पट्टीतून जावे लागते, दुसरी वाट नाही. पट्टीत पीक कधी धड आले नाही. म्हणूनच ती माझ्या नावे केली होती.

पलीकडचे रान कोणाचे, हे इथे लिहिणे भाग आहे, कारण पुढे ते कोणी लिहिणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात गावाने तो पाझर तलाव खणला. कलशेट्ट्यांच्या सुना तोवर मजुरीला गेल्या नव्हत्या. त्या वर्षी मीही गेले. माझ्या डोक्यावर मातीची पाटी चढवून द्यायची ती गजराबाई. तिच्या घरात ना शेत, ना बैल. भिंत उभी राहिली आणि काठाला सपाट रान उरले. त्यावर कोणाचे नाव नव्हते. जनावरे तिथे पाण्यावर येत, बायका धुणे वाळत घालत, मेंढरांचे कळप उतरत, आणि येळवस तिथे होई. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे सगळे गाव रानात जेवते आणि रान राखले जावे म्हणून मडक्यातली अंबील "ओलग्या, ओलग्या" म्हणत शिंपडते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला शेत नाही त्याला लोक आपल्या शेतात बोलावतात, पोटभर वाढतात. पण दुसऱ्याच्या शेतात पाहुणा म्हणून जेवता येते, आपले मडके मांडता येत नाही. तळ्याकाठी गजराबाईला आपले मडके मांडता येत होते. बुद्धवाड्यातली माणसे पूजा करीत नसत, पण पोरेबाळे घेऊन तिथेच येऊन जेवत. वीरप्पा आमच्या शेतातली पूजा आटोपली की पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचे पातेले घेऊन तिकडे जात. त्यांना तिथले जेवण आवडे.

शांतलिंगने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. चेअरमन तो, सभासद त्याचे मेहुणे, साडू आणि मी. सभासद कमी पडत होते म्हणून मला घेतले. ते मोकळे रान त्याने संस्थेच्या नावे करून आणले, प्लॉट पाडले, मुरुमच्या व्यापाऱ्यांना "तळ्याची हवा" म्हणून विकले. माझ्या पट्टीतून, मला न विचारता, खडीचा रस्ता टाकला. डांबरी रस्त्यालगत दोन दगडी खांब उभे केले आणि पाटी लावली: कलशेट्टी नगर. मी हरकत घेतली नाही. आईची जमीन म्हणजे आपलीच, असे त्याला वाटले. मलाही तेव्हा तसेच वाटत होते.

गेल्या येळवशीला खांबांमध्ये काटेरी तार ओढलेली होती. राखणीला गोरोबा होता. बायका डोक्यावर मडकी घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

गोरोबा म्हणाला, "म्या काय करू, मावशे? चेअरमनसायबाचा हुकूम हाय. आत न्हाय सोडायचं."

गजराबाई म्हणाली, "कोण चेअरमन? ज्याच्या मुंजीत म्या पाणी भरलं त्यो?"

"मुंज न्हाय गं, लिंगायतात दीक्षा असती," मागून कोणीतरी म्हणाले.

"असंल. पाणी तर म्याच भरलं."

हसू झाले. तेवढ्यात शांतलिंगची जीप आली. त्याच्याबरोबर प्लॉट घेणारी माणसे होती, त्यांच्यासमोर हसू झाले ते त्याला लागले असावे. तो म्हणाला, "काय गजराबाई, अंबील शिंपडायचीय व्हय? रान राखायला?" त्याने तिच्या डोक्यावरचे मडके दोन्ही हातांनी उतरवून घेतले. तिला वाटले, आत नेऊन ठेवतो. त्याने ते खडीच्या रस्त्यावर उपडे केले आणि म्हणाला, "ओलग्या, ओलग्या. घ्या, शिंपडलं. आता व्हा घरला."

जीपमधली माणसे हसली.

वीरप्पा भज्जीचे पातेले घेऊन मागेच उभे होते. त्यांनी पातेले खाली ठेवले आणि तारेला पाठ लावून रस्त्यावर बसले. शांतलिंगने बापाकडे पाहिले आणि गोरोबाला सांगितले, "बसू दे. ऊन लागलं की उठतील." दिवस मावळेपर्यंत ते उठले नाहीत. मी आणि गजराबाईने धरून आणले. त्यानंतर ते शांतलिंगशी बोलले नाहीत. हळूहळू माझ्याशीही बोलेनात, कारण मी अजून त्याच घरात भाकरी थापत होते. माघात गेले. लिंगायत रिवाजाप्रमाणे आमच्या मळ्यात त्यांना बसवून माती दिली. शेजारी माझ्यासाठी जागा सोडली.

दिवस झाल्यावर वारसांची नोंद करायला तलाठी आला. मी पदर सावरून ओसरीत जाऊन बसले. शांतलिंग हळू आवाजात, अगदी अदबीने म्हणाला, "अव्वा, तुम्ही उगं कशाला बाहेर आलात? कागदावर तुम्ही अप्पांच्या कोणीच न्हाईत."

मी म्हणाले, "बरं." आणि आत गेले.

तो शिकलेला आहे. परंतु ज्या कागदाने मी वीरप्पांची कोणी नाही, त्याच कागदाने ही पट्टी निव्वळ माझी आहे, कलशेट्ट्यांच्या वाटणीत ती येत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या ध्यानात आले. चुलीपाशीच आले.

सबब ही पट्टी मी गजराबाई, तिच्याबरोबर मडकी घेऊन तारेबाहेर उभ्या राहिलेल्या बनाबाई व चांगुणा, आणि बुद्धवाड्यातला श्रीपती, जो एस.टी.त कंडक्टर आहे, या चौघांना सामाईक देते. वाटणी करू नये. चौघांच्या सह्यांशिवाय तिची विक्री, गहाण वा भाडेपट्टा होणार नाही. बनाबाई आणि चांगुणा यांचे एकमेकींशी पटत नाही, हे मला माहीत आहे, म्हणूनच दोघींना घेतले आहे. माणसांना व जनावरांना तळ्याकडे जाण्यास वाट कायम मोकळी ठेवावी. चाक असलेले काहीही, बैलगाडीसुद्धा, आत जाऊ देऊ नये. अंमल श्रीपतीने करावा. त्याला लोकांना खाली उतरवण्याची सवय आहे.

ज्यांनी प्लॉट घेतले त्यांना रस्ता मिळणार नाही. त्यांनी चेअरमनच्या दारात जाऊन बसावे. तिथे सावली चांगली आहे.

कलम दुसरे. माझी माती. हे कलम मिळकतीचे नाही, तरी त्याला तितकेच बळ आहे असे समजावे. मला मळ्यात वीरप्पांशेजारी बसवू नये. कलशेट्टी नगरच्या दोन खांबांच्या मधोमध, खडीच्या रस्त्यात खड्डा घ्यावा आणि मला डांबरी रस्त्याकडे तोंड करून बसवावे. वर दगड, ओटा, नाव काही नको. माती जमिनीसरशी करावी, म्हणजे पायी जाणाऱ्याला अडचण होणार नाही. गाडी न्यायची असेल त्याने माझ्या डोक्यावरून न्यावी. शांतलिंगला ते जमेल असे मला वाटते, पण त्याचे गिऱ्हाईक नेणार नाही.

आमचे जंगम रेवणसिद्ध स्वामी यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अक्का, नवऱ्याशेजारची जागा सोडून वाटेत बसता व्हय?"

"व्हय."

"वीरप्पा रागावतील."

"रागावू द्या. रागावले तर निदान बोलतील."

त्यांनी शब्द दिला आहे. शांतलिंग मला वाजतगाजत, फुलांच्या विमानात मळ्यात न्यायला बघेल, कारण त्यात चार लोक दिसतात. तसे झाल्यास स्वामींनी विभूतीला हात लावू नये, म्हणजे विधी होणार नाही. मला त्याच्याच घरात, ओसरीत, भिंतीला टेकवून तसेच बसवून ठेवावे. दिवस उन्हाळ्याचे असतील तर निर्णय लवकर होईल.

खड्डा गोरोबाने खणावा. माझी दुष्काळी कामावरची कुदळ व पाटी त्याला देते. तारेच्या खांबांसाठी त्यानेच खड्डे घेतले होते, जमीन त्याच्या हातची आहे. हुकूम कोणाचा असे त्याने विचारल्यास माझा सांगावा.

मळ्यातली माझी जागा मी मुलाला देते. जमीन त्याचीच झाली आहे, मी देते तो फक्त तिथे बसण्याचा हक्क. वेळ येईल तेव्हा शांतलिंगला त्याच्या अप्पांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसवावे. ते त्याच्याशी बोलणार नाहीत. त्याला वेळ पुष्कळ मिळेल.

कलम तिसरे. चावडीमागची खोली, जिथे मी वारसनोंदीच्या दुसऱ्या दिवसापासून राहते, ती सून रुद्रम्मा हिला देते. तिने मला कधी उपाशी ठेवले नाही. येळवशीला ती जीपमध्ये होती आणि हसली नाही, हे मी पाहिले. अट एकच: शांतलिंगने या खोलीचा उंबरा ओलांडू नये. ओलांडल्यास खोली गजराबाईची. रुद्रम्माला या खोलीचा काय उपयोग, असे तो विचारील. तिने उत्तर देऊ नये. किल्ली कमरेला ठेवावी.

कलम चौथे. गृहनिर्माण संस्थेतला माझा भाग गजराबाईस देते, म्हणजे माझ्यामागे सभासद ती. वार्षिक सभेत तिला खुर्ची द्यावी आणि चहा इतरांबरोबर द्यावा. तिला बोलायला लावावे लागत नाही.

कलम पाचवे. माझ्या अंगावर सोने राहिलेले नाही. लुगडी बनाबाईने न्यावीत. गळ्यातले लिंग माझ्याबरोबर जाईल. घरात सापडेल ते धान्य येत्या येळवशीला तळ्याकाठी शिजवावे. शांतलिंग आल्यास त्याला वाढावे. पाहुणा म्हणून.

माझ्या मातीला शांतलिंगने यावे, मी मनाई करत नाही. त्याने रडू नये. रडल्यास कोणी त्याला हाताला धरून उठवू नये. ऊन लागले की उठेल.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. फारकतीचा तो कागद माझ्या मर्जीने झाला होता, हाही माझ्या मर्जीने होत आहे. याखाली मी दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते आणि ते माझ्यासमोर करतात.

शिवगंगा
(कलशेट्टी लिहावे की नाही, ते कचेरीने ठरवावे.)

साक्षीदार:
१. रेवणसिद्ध शिवमूर्ती स्वामी, जंगम, आलगुंडी
२. आबाराव भीमराव सूर्यवंशी, निवृत्त टपालवाले, आलगुंडी

ठिकाण आलगुंडी. तारीख वर लिहिली आहे तीच.

सह्या झाल्यावर दोघांनी चहा घेतला. आबाराव म्हणाले, "शिवगंगाबाई, लई कठीण लिवलंत." मी कप उचलले. ते गेल्यावर ऊन उतरायची वाट पाहिली आणि मळ्यात गेले. वीरप्पांवरची माती एका बाजूने खचली होती. विहिरीवरून घागर आणली, चिखल केला आणि भेगा बुजवल्या. मग हात धुतले.